बेळगावातनं मेत्सोवोला कसं जायचं आणि चार रात्री तिथं काय करायचं

ग्रीस म्हणलं की आपल्याकडं सगळ्यांच्या डोळ्यासमोर पांढरी घरं आणि निळा समुद्र येतोय, टूरवाले पण तेच दाखवतात, पण आम्ही समुद्रासाठी गेलोच नव्हतो, आम्ही गेलो डोंगरात, मेत्सोवो नावाच्या गावाला, मी, माझा नवरा आणि आमचे आप्पा, आणि आल्यापासनं खानापूर, निपाणी, चंदगड, सगळीकडचे पाहुणे फोन करून विचारायलेत की कसं गेला, व्हिसा कुठनं काढला, आप्पांना चढ जमला का, खायचं काय केलं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. आप्पांनी आयुष्यभर गावात दुधाची डेअरी चालवली, त्यामुळं चीज करणारं, मेंढरं पाळणारं डोंगरातलं गाव म्हणल्यावर ते लगेच तयार झाले, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होते म्हणूनच मला ते गाव नीट बघता आलं.

आधी गाव कुठं आहे ते समजून घ्या, कारण त्यावरनं पुढचा सगळा बेत ठरतो. ग्रीसच्या वायव्येला एपिरस म्हणून भाग आहे, त्याचं मोठं शहर योआनिना, आणि तिथनं पूर्वेला पिंडस डोंगररांगेत सुमारे ११६० मीटर उंचीवर मेत्सोवो. आपलं बेळगाव साधारण ७५० मीटरवर आहे, म्हणजे अजून चारशे मीटर वर चढा आणि थंडी दुप्पट करा. गावात वस्ती अडीच हजाराच्या आसपास, आपल्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी, पण नगरपालिकेचा पसारा मोठा आहे. २०११ साली ग्रीसमध्ये स्थानिक कारभाराची नवी रचना झाली तेव्हा मेत्सोवो, एग्नातिया आणि मिलिया अशा तीन जुन्या कारभारांची मिळून एक नगरपालिका केली, त्यामुळं आजूबाजूची बरीच डोंगरी खेडी, जंगल, नद्यांचे उगम सगळं एकाच दिमोसमध्ये येतं, दिमोस म्हणजे त्यांची नगरपालिका.

आणि हे उगमाचं प्रकरण खानापूरकरांनी तरी जरूर लक्षात घ्यावं. आपल्या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगवते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते, आणि तिथनं जवळच भीमगडच्या जंगलातली म्हादई पश्चिमेला गोव्याकडं उतरते, एकाच डोंगरातलं पाणी दोन समुद्रांना. मेत्सोवोच्या भोवती असंच आहे, पण पाच नद्यांचं. आओस उत्तरेला अल्बानियात जाऊन एड्रियाटिकला मिळते, आराख्थोस आणि आखेलोस दक्षिणेला उतरून पश्चिमेच्या आयोनियन समुद्राच्या बाजूला जातात, पिनिओस थेसालीच्या मैदानातनं पूर्वेला एजियनला, आणि आलिआक्मोनला मिळणारं पाणी पण इथनंच निघतं. नकाशा उघडून या पाच रेघा बोटानं फिरवून बघा, मग त्या गावाला इतकं महत्त्व का होतं ते आपोआप कळतंय, खिंड ज्याच्या ताब्यात त्याच्याकडं सगळे रस्ते.

कधी जायचं. आम्ही मेच्या शेवटी गेलो, तेच मी सांगेन, नाहीतर सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर, तेव्हा डोंगरातली बीच नावाची झाडं तांबडी-पिवळी होतात. हिवाळ्यात बर्फ असतो, गावाजवळ आणि समोरच्या आनिलिओला स्कीचं पण आहे, पण आपल्याला बर्फावर चालायची सवय नाही आणि गल्ल्या दगडी आणि उताराच्या, वयस्कर माणसं बरोबर असतील तर डिसेंबर-फेब्रुवारी नकोच. ऑगस्टमध्ये ग्रीकच लोक सुट्टीला येतात, १५ ऑगस्टच्या आसपास खोली मिळणं अवघड. जत्रा बघायची असेल तर २६ जुलै, आयिया पारास्केवीचा दिवस, गावच्या देवीचा म्हणा की, मुख्य चौकात तिचंच चर्च आहे आणि त्या दिवशी लोक जुने पोशाख घालून चौकात गोल धरून नाचतात. आपल्याकडं तेव्हा धो धो पाऊस असतो, शेताची कामं अडलेली असतात, त्यामुळं जुलै जमणारे बरेच असतील. ईस्टर धरून जायचं असेल तर त्यांचा ईस्टर ऑर्थोडॉक्स, तारीख दरवर्षी बदलते, २०२७ मध्ये २ मे ला आहे. स्वेटर मात्र कुठल्याही महिन्यात न्या, मेमध्ये सुद्धा रात्री आप्पा कानटोपी घालून बसायचे.

आता कागदपत्रं, इथंच आपल्या भागातली माणसं अडकतात. ग्रीस शेंगेनमध्ये येतं, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, त्यामुळं शेंगेन व्हिसा लागतो, जायच्या तारखेच्या ६ महिने आधीपासनं अर्ज करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी द्यावाच लागतो, पण १५ दिवसांवर विसंबू नका, दोन-तीन महिने आधी करा. फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे, जून २०२४ पासनं, ६ ते १२ वर्षांच्या पोरांना ४५. सेंटरवाल्यांचा सर्व्हिस चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा पाहिजे. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतायच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालणारा, आणि दोन पानं कोरी.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आम्ही बेंगळुरूला गेलो, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी काम करून दुसऱ्या रात्री परत. आता आपली अडचण ऐका. आपल्या निम्म्या कागदांवर बेळगांव, निम्म्यांवर बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं आणि जुने कागद जुन्या नावाचेच राहिले, त्यातनं आडनावाचं स्पेलिंग मराठी शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर कन्नडवरनं इंग्रजीत आलेलं दुसरं. आप्पांच्या बाबतीत तर पासपोर्टवर वडिलांचं नाव मधी जोडलेलं आणि बँकेत नाही. यावर उपाय एकच, अर्जाबरोबर जोडायच्या कव्हरिंग लेटरमध्ये सरळ लिहायचं की ही दोन्ही नावं एकाच गावाची, आणि माणसाच्या नावात फरक असेल तर नोटरीकडनं ॲफिडेव्हिट करून लावायचं. विमानाचं तिकीट पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच काढा, आधारवरनं काढू नका.

शेतीचं उत्पन्न असलेल्यांनी अजून एक करायचं. आपला उतारा कन्नडमध्ये असतो, तो तसाच लावला तर तिकडच्या ऑफिसरला काय कळणार, इंग्रजी भाषांतर करून सही-शिक्क्यासकट जोडा. आप्पांचा इन्कम टॅक्स रिटर्न नव्हता, शेती आणि दुधाचं बिल एवढंच, तर आम्ही डेअरीचे पैसे जमा होतात त्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, उताऱ्याचं भाषांतर, आणि खर्च मी करणार असं माझं पत्र माझ्या पगाराच्या कागदांसकट लावलं. तिघांचाही व्हिसा झाला. आणि एक कळकळीनं सांगते, व्हिसा हातात यायच्या आधी रिफंड न होणारं तिकीट आणि हॉटेल घेऊ नका, आमच्या नात्यातल्या एकांनी एजंटाच्या सांगण्यावरनं घेतलं आणि पैसे गेले ते गेले.

पोचायचं कसं. बेळगावातनं मुंबई, मुंबईतनं एक विमान बदलून अथेन्स, हे सोपं. गोव्याहून मोपानं पण बघा, कधी कधी स्वस्त पडतं आणि चोर्ला घाटानं गाडीनं जाता येतं. अथेन्स विमानतळावर बाहेर आलं की एक्स ९३ नंबरची बस थेट लांब पल्ल्याच्या बसस्टँडला नेते, तिथं किफिसोस स्टँडवर उतरा, योआनिनाच्या गाड्या तिथनंच सुटतात. अथेन्समध्ये असे दोन स्टँड आहेत, दुसऱ्यावर उतरलात तर उगाच धावपळ, म्हणून ड्रायव्हरला आधीच 'किफिसोस' म्हणून सांगून ठेवा. त्यांच्या एसटीला केतेल म्हणतात, गाड्या चांगल्या, सहा तासाच्या आसपास लागतात, आणि वाटेत रिओ-अँटिरिओचा पूल लागतो, २००४ मध्ये सुरू झालेला, जवळपास २९०० मीटर लांब, समुद्रावरनं दोरखंडांनी धरलेला, खिडकीजवळ बसा. वेळ कमी असेल तर अथेन्सहून योआनिनाला विमान पण जातं, तासाभरात.

एका दमात मेत्सोवोपर्यंत जायचा हट्ट करू नका. योआनिनाला एक रात्र राहा, तळ्याच्या काठी फिरा, तळ्यातल्या बेटावर होडी जाते, तुर्की राजवटीत या भागावर सत्ता गाजवणारा अली पाशा १८२२ मध्ये तिथंच मारला गेला. दुसऱ्या दिवशी मेत्सोवोची केतेल पकडा, तासाभराचा प्रवास. गाड्या दिवसात मोजक्याच असतात आणि शनिवार-रविवारी अजून कमी, त्यामुळं आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन वेळ विचारून या, फोनवर दिसलेल्या टाइमटेबलवर भरवसा ठेवू नका. परतीची गाडी पण त्याच वेळी विचारा.

स्वतः गाडी चालवणार असाल तर आरटीओतनं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, फॉर्म भरून पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स लावल्या की मिळतं, एक वर्ष चालतं. तिथं रस्त्याच्या उजवीकडनं चालवायचं आणि स्टिअरिंग डावीकडं, पहिले दोन दिवस माझ्या नवऱ्याचा हात दाराच्याच बाजूला गिअर शोधायचा, म्हणून पहिला दिवस मोकळ्या रस्त्यावर काढा, घाटात नको. हायवेचं नाव एग्नातिया, ६७० किलोमीटरचा, समुद्रापासनं तुर्कस्तानच्या हद्दीपर्यंत, २००९ मध्ये पुरा झाला, मेत्सोवोजवळ बोगद्यामागनं बोगदे आणि खोल दरीवर उंचच उंच पूल. त्याच्या आधी सगळी वाहतूक कतारा खिंडीतनं जायची, सुमारे १७०० मीटर उंच, कतारा म्हणजे ग्रीकमध्ये शाप. चोर्ला किंवा आंबोली पावसात उतरलेल्या माणसाला हे नाव का पडलं ते समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात जुन्या रस्त्यानं वरपर्यंत जाऊन या, सुंदर आहे, बर्फाच्या दिवसात त्या वाटेला जाऊच नका.

बरेच लोक मेटेओराचे मठ बघायला कालांबाकाला येतात आणि योआनिनाकडं जाताना मेत्सोवोला दोन तास थांबतात, चीज घेतात, फोटो काढतात, गेले. तसं करू नका. दुपारी बसेस भरून माणसं असतात, पाच वाजता ती गेली की गाव खरं उघडतं, आणि सकाळी आठला गल्ल्यात फक्त गावची माणसं. कमीत कमी तीन रात्री, जमलं तर चार. खोली घेताना दोन गोष्टी विचारा, चौकापासनं किती पायऱ्या आणि दारापर्यंत गाडी येते का. पूर्ण गाव उतारावर आहे, छपरं पाटीच्या दगडाची, गल्ल्या गोट्यांच्या, पावसात निसरड्या, आप्पांच्या गुडघ्यांसाठी आम्ही चौकाजवळच खोली घेतली आणि दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील असं ठरवलेलं ते बरोबरच ठरलं. चपला नकोत, धरून ठेवणारे बूट घाला. दुपारी दोन-अडीच ते पाच बरीच दुकानं बंद, तेव्हा तुम्ही पण झोपा.

पहिल्या दिवशी काय बघायचं तर तोसित्साचा वाडा आणि अवेरोफ गॅलरीतली चित्रं, पण त्याच्या आधी त्या माणसांची गोष्ट माहीत पाहिजे, नाहीतर नुसती जुनी भांडी आणि फ्रेमा दिसतील. आपल्याकडं कसं, गावचा माणूस मुंबईला गिरणीत गेला, चार पैसे मिळाले की गावच्या देवळाला, शाळेला वर्गणी पाठवायचा, तेच इथं फार मोठ्या प्रमाणात झालं. १६५९ साली उस्मानी, म्हणजे तुर्की, सरकारनं या भागाला खास सवलती दिल्या, खिंड सांभाळायची म्हणून, त्यातनं व्यापार वाढला आणि इथली पोरं इजिप्तपर्यंत पोचली. त्यातले यॉर्गोस अवेरोफ, जन्म १८१५, अलेक्झांड्रियात गडगंज झाले, आणि १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी अथेन्सचं संगमरवरी स्टेडियम त्यांच्या पैशानं उभं राहिलं, त्यांचा पुतळा अजून स्टेडियमच्या दारात आहे, अथेन्समध्ये अर्धा दिवस असेल तर ते आधी बघा आणि मग त्यांच्या गावाला जा. त्यांच्या मृत्युपत्रातल्या पैशाची भर घालून घेतलेली युद्धनौका आता अथेन्सजवळ म्युझियम आहे. तोसित्सा आणि स्तूर्नारा ही घराणी पण इथलीच, अथेन्सच्या मोठ्या इंजिनिअरिंग विद्यापीठाला यांनी इतका पैसा दिला की त्याच्या नावातच मेत्सोवो आहे, मेत्सोव्हिओ म्हणतात.

गाव उस्मानी राजवटीतनं सुटलं ३१ ऑक्टोबर १९१२ ला. पुढं महायुद्ध, यादवी, डोंगरातली सगळीच गावं ओस पडायला लागली. तेव्हा गावचेच एक राजकारणी, इव्हांगेलोस अवेरोफ, यांनी स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या बॅरन मिखाइल तोसित्सांना गाठून गावासाठी ट्रस्ट करायला लावला, १९४७ मध्ये. त्या ट्रस्टनं वाडा दुरुस्त करून म्युझियम केलं, चीजचा कारखाना काढला, पोरांना काम दिलं. मला या सगळ्या ट्रिपमध्ये हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली मनाला, की पैसा नुसत्या देवळाच्या कळसाला न देता गावात काम राहील अशा ठिकाणी लावला. वाड्यात विणलेली घोंगडी, गालिचे, चुलीभोवतीची बसायची जागा नीट बघा, आप्पा घोंगडीची लोकर बोटानं बघायला निघालेले, हात लावू देत नाहीत, आधीच सांगून ठेवा घरच्यांना. अवेरोफ गॅलरी १९८८ ला उघडली, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या ग्रीक चित्रकारांची, गिझिस, लित्रास, वोलानाकिस. दोन्ही ठिकाणं आठवड्यातनं एक दिवस बंद असतात, पोचल्या दिवशीच विचारून घ्या.

आता चीज, यावर जरा जास्त लिहिते. इथल्या चीजचं नाव मेत्सोवोने, १९९६ पासनं त्याला युरोपचं पीडीओ आहे, म्हणजे आपल्या बेळगावच्या कुंद्याला उद्या जीआय मिळावं तसं, ठरलेल्या भागात ठरलेल्या रीतीनंच केलेलं असेल तरच ते नाव लावता येतं. ट्रस्टनं गावच्या पोरांना इटलीला शिकायला पाठवलं, तिकडची विरजून घट्ट झालेल्या दुधाचा गोळा गरम पाण्यात मळून ताणायची रीत ती शिकून आली आणि इथल्या दुधावर वापरली. गायीचं दूध, कधी त्यात थोडं मेंढीचं-शेळीचं, ते विरजून त्याचा गोळा गरम पाण्यात मळून लांब दंडगोल करतात, मिठात ठेवतात, दोरीनं बांधून लटकवतात, निदान तीन महिने मुरवतात आणि मग धुरी देतात. धुराचा वास गोठ्यातल्या शेकोटीसारखा, आप्पांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, 'आपल्या चुलीवरच्या सायीचा वास हाय की.' विकत घेताना आधी चव मागा, देतात. वरची साल कडक आणि तपकिरी, आत फिकट पिवळं. खोलीत तवा असेल तर बोटभर जाड काप करून कोरड्या तव्यावर दोन्हीकडनं टाका, तेल नको, कडा लालसर झाल्या की लगेच खा, गार झालं की चिवट होतं. घेतलंत तर जेवढं तिथं खाऊन संपेल तेवढंच घ्या.

जे कडक शाकाहारी आहेत त्यांनी एक समजून घ्यावं, तिकडच्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला कोकराच्या-वासराच्या पोटातला पदार्थ वापरतात. चालत नसेल तर दही खा, मेंढीचं घट्ट दही मिळतं, वर मध घालून, कवडीसारखं.

बाकी शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. पिता म्हणजे पातळ पोळीच्या थरात भरलेली भाजी, पालकाची, कांद्याच्या पातीसारख्या लीकची, चीजची. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची रस्सा भाजी, त्याला यिगांतेस म्हणायचं. मक्याच्या पिठाचा पाव, आपल्या मक्याच्या भाकरीच्या जवळचा. आणि त्राहाना, गहू आंबट दुधात घालून वाळवलेला, त्याचं गरम सूप, पहिला घोट घेतला आणि आंबील आठवली. हॉटेलात दोन शब्द पाठ करून जा, 'खोरिस क्रेआस' म्हणजे मटण नको, आणि 'निस्तिसिमो' म्हणजे त्यांच्या उपासाचं, त्यात मटण, दूध, अंडं काय नसतं, पण कोळंबी-माकूळ चालतात त्यांना उपासाला, तेवढं विचारून घ्या. मांसाहारी लोकांना सांगायची गरज नाही, चौकाभोवती कोळशावर शेकण्याचा वास सुटलेलाच असतो. चहाच्या जागी 'त्साइ तू वूनू' मागा, डोंगरातल्या वनस्पतीचा काढा, मधाबरोबर, घशाला फार बरा. कॉफी मागताना गोड पाहिजे तर 'ग्लिको', मध्यम 'मेत्रिओ', बिनसाखरेची 'स्केतो'.

आणि एक महत्त्वाचं, 'ने' म्हणजे हो. 'ओहि' म्हणजे नाही. आपल्या कानाला ने हे नाही वाटतं, आप्पांनी जेवण वाढायला आलेल्या बाईला दोनदा 'नै, नै' म्हणलं आणि तिनं दोनदा वाढलं. नाही म्हणताना कधी कधी ते बोलत पण नाहीत, नुसती मान वर उडवतात आणि जिभेनं च्च करतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गावाबाहेर पडा. खाली दरीत आयिओस निकोलाओसचा मठ आहे, पायवाटेनं उतरायला अर्धा तास, चढायला त्याच्या दुप्पट धरा, आप्पांना आम्ही येताना टॅक्सीनं आणलं. मठात खांदे-गुडघे झाकलेले पाहिजेत. समोरच्या उतारावर दिसतं ते आनिलिओ, नावाचा अर्थच बिनउन्हाचं. मेत्सोवोच्या बाजूला प्रोसिलिओ, उन्हाचं. शेतकऱ्याला हे लगेच पटतं, कुठल्या उतारावर बर्फ कधी वितळणार यावर सगळं वर्ष चालायचं. एक सकाळ आनिलिओला जा, तिथनं मेत्सोवो पूर्ण दिसतं, मुख्य गावातनं दिसत नाही तसं. गाडी असेल तर वर आओसच्या उगमाजवळचं तळं, धरणाचं आहे, १३०० मीटरच्या वर, काठाला पाइनची झाडं. त्याच्या पलीकडं वालिया काल्दा, १९६६ पासनं नॅशनल पार्क, तिथं तपकिरी अस्वलं आहेत, गाइड नसताना आत शिरू नका. मिलिया, ख्रिसोवित्सा ही खेडी पण याच नगरपालिकेत, एखाद्या खेड्यात जाऊन चौकातल्या चहावाल्याकडं बसलं तरी दिवस सार्थकी लागतो.

अस्वलापेक्षा भीती कुत्र्यांची. मेंढरांची कुत्री मोठी असतात, लांडग्यासाठी पाळलेली, कळपाजवळ अनोळखी माणूस आला की धावून येतात. आपल्या धनगरांच्या कुत्र्यांचा अनुभव असेल तर नियम तेच, पळायचं नाही, कळपाच्या मधनं जायचं नाही, जागेवर थांबून मेंढपाळाला हाक मारायची, तो बोलावेपर्यंत हलायचं नाही. मदतीचा नंबर सगळ्या युरोपात ११२.

शेवटचं सांगायचं ते भाषेचं, आणि हे मुद्दाम नीट लिहिते. मेत्सोवोची माणसं व्लाख आहेत, त्यांची घरची भाषा लॅटिनमधनं आलेली, रोमानियनच्या जवळची, ग्रीकमधनं निघालेली नाही. गावाचं त्यांच्या भाषेतलं नाव वेगळंच, अमिंचू. वालिया काल्दा हे नाव पण त्यांच्याच भाषेतलं, ऊबदार दरी. पाट्या ग्रीक, शाळा ग्रीक, पण म्हातारी माणसं आपापसात ती भाषा बोलतात. घरात एक, ऑफिसात दुसरी, बाजारात तिसरी, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण म्हणूनच सांभाळून विचारा. 'तुम्ही मग ग्रीक नव्हे का' किंवा 'तुम्ही रोमानियाचे का' असं विचारू नका, ती माणसं स्वतःला ग्रीक मानतात आणि व्लाख पण मानतात, दोन्ही एकाच वेळी, आणि गावच्याच माणसांनी ग्रीससाठी किती दिलं ते वर लिहिलंच आहे. आपल्याला कुणी परक्यानं येऊन 'तुम्ही नक्की कुठले' म्हणून खोदून विचारलं की कसं वाटतं ते आठवा. त्यापेक्षा एक शब्द शिकून जा. 'बुना दझुआ', म्हणजे नमस्कार, दिवस चांगला जावो. दूध म्हणजे 'लाप्ती', चीज म्हणजे 'काश'.

चौकात झाडाखाली बाकावर म्हातारे बसलेले असतात, काठी घेऊन. आप्पा तिसऱ्या सकाळी तिथं जाऊन बसले आणि 'बुना दझुआ' म्हणले. बाकावरचा एकजण सरकला, त्यांना जागा दिली. पुढं मी मोबाइलवर भाषांतर करायला लागले, पण पहिली दहा मिनिटं त्याची गरजच लागली नाही, आप्पांनी हातानं धार काढल्यासारखं केलं, त्यानं पण तसंच केलं, दोघं हसले. मग आप्पांनी विचारलं की एवढा बर्फ पडतो तर हिवाळ्यात मेंढरं कुठं जातात. त्यानं काठी पूर्वेकडं केली, थेसालीचं मैदान. जुनी रीत अशी की ऑक्टोबरात आयिओस दिमित्रिओसच्या सणाला कळप घेऊन खाली उतरायचं आणि एप्रिलात आयिओस यॉर्गिओसला परत वर चढायचं, अख्खं घरदार घेऊन, युनेस्कोनं २०१९ मध्ये ग्रीस, इटली आणि ऑस्ट्रियाच्या या रीतीला वारशाच्या यादीत घेतलं. आप्पांचा पुढचा प्रश्न मला आधी कळलाच नाही, त्यांना विचारायचं होतं की मैदानातले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात का, आणि त्याचे धान्य देतात का पैसे. मोबाइलला ते नीट भाषांतर करता येईना, तीन वेळा केलं, मग आप्पांनी काडीनं मातीत शेताचा बांध काढला, आत ठिपके ठिपके केले, आणि म्हाताऱ्यानं मान हलवून 'ने, ने' म्हणलं.

तेव्हा चौकात जायचं ते सकाळी दहा ते साडेबारा, त्यानंतर ते जेवायला घरी जातात आणि संध्याकाळी सहा वाजल्याशिवाय बाकावर कोण नसतं. फोटो काढायच्या आधी विचारा. आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्या दिवशी दुसरा काही बेत ठेवू नका.